पारा आणि हृदय : खान्देशातला हिवाळा, खान्देशातला उन्हाळा

खान्देशात हवामान आणि हृदय हा विषय काढला की आधी मे महिना आठवतो. साहजिकच आहे, जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो. पण आज आपण डिसेंबरपासून सुरुवात करू, कारण त्याच्याकडे आपलं लक्ष कमी जातं.

धुळ्याकडे हिवाळ्यात हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसा तापलेली जमीन रात्री भराभर निवते. दुपारी 28-30 अंश, पहाटे 10 च्याही खाली. अशा थंडीत उष्णता राखायला शरीर त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. रक्तदाब चढतो, हृदयाला जोर जास्त लावावा लागतो. रक्तही थोडं दाट होतं, गुठळी धरणं सोपं जातं. पहाटे जागं होताना रक्तदाब तसाही वाढतोच.

आता आपला शेतकरी बघा. गव्हाला पाणी भरायचंय आणि लाईट रात्रीची. ऊबदार अंथरुणातून उठून थेट बांधावर, पाय गार पाण्यात, हातात फावडं. वय साठीचं, आणि बीपीची गोळी ‘बरं वाटतंय’ म्हणून बंद केलेली. धोक्याच्या इतक्या गोष्टी एका जागी क्वचितच जमतात!

2015 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये 13 देशांतल्या सुमारे 7.4 कोटी मृत्यूंचा अभ्यास आला. थंडीशी जोडलेले मृत्यू 7 टक्क्यांहून अधिक, उष्णतेशी जोडलेले अर्ध्या टक्क्याच्या आत. मोठा वाटा कडाक्याच्या नव्हे, बेताच्या थंडीचा होता. भारत त्या 13 देशांत नव्हता, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे धुळ्याला लावता येणार नाहीत. पण हिवाळा निरुपद्रवी नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. शिवाय थंडीचा परिणाम दोन-तीन आठवडे रेंगाळतो. उन्हाचा त्याच दिवशी, फार तर दोन-चार दिवसांत दिसतो.

उन्हाळ्यात गणित उलटं. अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, घामाने पाणी आणि क्षार जातात, रक्तदाब उतरतो, नाडी धावते. रावेर-यावलच्या केळीबागेत दुपारी घड वाहणाऱ्या मजुराचं हृदय दुप्पट राबत असतं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यात मात्रा बदलायची का, हे डॉक्टरांना विचारावं. स्वतःच्या मनाने बंद करू नये.

आणि खरा घात होतो तो नाव चुकल्यामुळे. उन्हाळ्यात छातीत दाटलं, घाम फुटला, की आपण म्हणतो ‘ऊन लागलं’ आणि कांदा चोळतो. हिवाळ्यात म्हणतो ‘गॅस धरला’, आणि ओवा देतो. तासभर तिथेच जातो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच नीट काम करतं. छातीतलं दाटणं जबड्याकडे किंवा हाताकडे सरकत असेल, दहा-पंधरा मिनिटांत थांबत नसेल, तर ऋतू कोणताही असो, 108 ला फोन करा आणि आधी ईसीजी काढा. ऊन लागलं होतं की गॅस, हे नंतर ठरवता येतं.