मूत्रपिंड नवे, पण रक्तदाब?

“किडनी बदलली, डायलिसिस सुटलं. मग बी.पी.च्या गोळ्या अजून कशाला?” मूत्रपिंडरोपण झालेले रुग्ण हमखास असे विचारतात. प्रश्न रास्त आहे.

१९५४ साली बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपण केले, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. तिथे शरीराला अवयव परका वाटला नाही. इतरांचे शरीर नवे मूत्रपिंड नाकारू पाहते. म्हणून टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन आणि बहुधा प्रेडनिसोलोन कायम घ्यावे लागते. नेमक्या याच औषधांनी रक्तवाहिन्या आकसतात, अंगात मीठ व पाणी साठते. शिवाय जुनी मूत्रपिंडे सहसा काढत नाहीत. ती निकामी असली तरी रक्तदाब चढवणारे रेनिन सोडत राहतात. त्यामुळे रोपणानंतरही बहुतेकांचा रक्तदाब जास्तच राहतो. तो साधारण १३०/८० च्या आत हवा, नाहीतर हृदयाबरोबर नवे मूत्रपिंडही झिजते.

डिंभे धरणाच्या वरच्या गावांत भातलावणी लागली की अंगदुखीच्या गोळ्या खपू लागतात. दिवसभर चिखलात वाकल्यावर कंबर धरणारच! पण रोपण झालेल्याने डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो आणि रक्तदाबही चढतो. डिल्टियाझेम ही रक्तदाबाची गोळी किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक यांनी टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण वाढते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनने ते घटते. तेव्हा साध्या खोकल्यासाठी दवाखान्यात गेलात तरी रोपणाची फाईल आधी टेबलावर ठेवा. आम्हा डॉक्टरांना चेहऱ्यावरून ते कळत नाही.

मीठ दिवसभरात चहाचा एक सपाट चमचा, त्यातच लोणचे, पापड, सुकट आले. बाजारातले ‘कमी सोडियमचे’ मीठ मात्र विचारल्याशिवाय नको. त्यात पोटॅशियम असते, आणि टॅक्रोलिमसने ते रक्तात आधीच वाढू शकते.

रक्तदाब घरी मोजावा. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसा आणि आकडे वहीत लिहा. डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या हातावर पट्टा बांधू नका. एस.टी.तून उतरून धापा टाकत मोजलेला आकडा खरा नव्हे.

पण नेहमी ठीक असणारा रक्तदाब अचानक चढला, लघवी कमी झाली, पायांवर सूज आली किंवा ताप आला, तर घरच्या घरी गोळी वाढवून वाट पाहू नका. शरीर मूत्रपिंड नाकारत असेल किंवा त्याची रक्तवाहिनी अरुंद झाली असेल. रोपण केलेल्या रुग्णालयाला त्याच दिवशी फोन करा, आणि निघताना रोजच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घ्या.