खाऱ्या हवेतले बारा शब्द

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची नाणी चोरीला गेली. ग्राहकांना पैसे काढता येईनात आणि हे गाडे पुढे वर्षाहून अधिक काळ अडून राहिले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदन काढून या चोरीसाठी उत्तर कोरियाच्या हॅकरांकडे बोट दाखवले. ज्यांचे पैसे अडकले त्यांना त्या निवेदनाचा फारसा उपयोग नव्हता.

तेव्हापासून एक सल्ला सगळीकडे ऐकू येतो: नाणी एक्स्चेंजवर ठेवू नका, स्वतःच्या वॉलेटमध्ये घ्या. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा आहे. वॉलेट स्वतःचे झाले की त्याची राखणही स्वतःचीच होते, आणि ती राखण म्हणजे बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांची एक यादी. तिला रिकव्हरी फ्रेज किंवा सीड फ्रेज म्हणतात. नवे वॉलेट उघडताना हे शब्द पडद्यावर दिसतात आणि ‘लिहून ठेवा’ अशी सूचना येते. बहुतेकांची गफलत इथेच होते. कोणी स्क्रीनशॉट काढतो, कोणी स्वतःलाच व्हॉट्सॲप करतो, कोणी हाताशी आलेल्या बिलाच्या पाठीवर खरडतो.

मुळात नाणी मोबाइलमध्ये नसतातच. कोणत्या पत्त्यावर किती नाणी आहेत याची नोंद जगभरातल्या हजारो संगणकांवर असते. ती नाणी हलवण्याचा अधिकार एका प्रचंड मोठ्या गुप्त आकड्यात असतो आणि ते बारा शब्द म्हणजे तोच आकडा माणसाला लिहिता येईल अशा रूपात. ही पद्धत २०१३ साली मांडली गेली आणि बिप-३९ या नावाने ओळखली जाते. तिच्या यादीत २,०४८ शब्द आहेत. त्यांतून बारा शब्द निवडण्याच्या वैध शक्यता इतक्या आहेत की तो आकडा लिहायला ३९ अंक लागतात. अंदाजाने कोणाला फ्रेज सापडेल ही भीती म्हणूनच व्यर्थ आहे. फ्रेज जाते ती दोनच वाटांनी: कोणाच्या तरी नजरेस पडते किंवा मालकाकडूनच नष्ट होते.

मासेमारीला गेलेल्या तरुणाचा मोबाइल बोटीवरून समुद्रात पडला, तर फ्रेज शाबूत असेपर्यंत त्याचे काहीच गेले नाही. दुसऱ्या मोबाइलवर वॉलेट उतरवायचे, शब्द भरायचे, शिल्लक समोर हजर. मोबाइल कपाटात सुखरूप आणि फ्रेज मात्र गहाळ, अशी स्थिती असेल तर मोबाइल बिघडेल त्या दिवशी सगळे संपले. सातबारा हरवला तर दुसरा उतारा मिळतो. इथे दुसरा उतारा देणारे कार्यालयच नाही.

पोलीस आणि न्यायालयालाही या शब्दांपुढे थांबावे लागते. पुण्यात गाजलेल्या गेनबिटकॉइन या क्रिप्टो फसवणुकीच्या प्रकरणात मुख्य आरोपी अमित भारद्वाज याचे जानेवारी २०२२ मध्ये निधन झाले. त्यानंतर मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा भाऊ अजय याला क्रिप्टो वॉलेटचे युजरनेम आणि पासवर्ड अंमलबजावणी संचालनालयाला देण्याचा आदेश दिला. बँक खाते असते तर बँकेला एक पत्र पाठवून काम झाले असते. त्याच महिन्यात पुणे सायबर पोलिसांनी दोन तंत्रज्ञांना अटक केली. त्यांतले एक माजी आयपीएस अधिकारी. तपासात मदत करण्यासाठी पोलिसांनीच त्यांना बोलावले होते. आरोपींच्या वॉलेटमधली काही नाणी या दोघांनी स्वतःकडे वळवली, असा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. आरोपाचा निवाडा न्यायालय करील. पण वॉलेटची किल्ली ज्याच्या हाती जाते, त्याच्यावर पहारा ठेवणे किती अवघड असते, हे त्या अटकेने दिसले. ‘ओळखीचा आहे, कॉम्प्युटरचे सगळे जाणतो’ म्हणून फ्रेज कोणाच्या हाती देणाऱ्यांनी हे प्रकरण नीट लक्षात ठेवावे.

आता डहाणू तालुक्यातल्या वरोरसारख्या गावात ही यादी कशी टिकवायची ते पाहू. परदेशी मार्गदर्शक लिहितात, ‘कागदावर लिहा आणि तिजोरीत ठेवा.’ तो सल्ला कोरड्या हवेतल्या घरांसाठी ठीक असेल. वरोर समुद्राला लागून आहे. किनाऱ्यावरची खारी हवा कपाटाच्या बिजागऱ्यांपासून मोटरसायकलच्या साखळीपर्यंत सगळे खाते. पावसाळ्यात कागद ओलसर राहतो, मग बुरशी धरते. पेटीच्या तळाशी ठेवला तर वाळवी आणि कसर. जेल पेनाची शाई ओलाव्याने पसरते, तर दुकानातल्या छापील बिलाचा थर्मल कागद काही महिन्यांतच पांढरा पडतो. कागदच वापरायचा असेल तर साधे बॉलपेन किंवा पेन्सिल बरी. पेन्सिलीचे ग्राफाइट पाण्याने पसरत नाही. तरीही कागद ही तात्पुरतीच सोय समजावी.

भर म्हणून या टापूला भूकंपाचे धक्केही आहेत. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, लहानमोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. घरांना तडे गेले आणि भर थंडीत माणसांनी उघड्यावर रात्री काढल्या. असे घर अचानक सोडावे लागते तेव्हा फळीवरच्या वहीत ठेवलेला कागद कोणाला आठवणार?

म्हणून धातू. आणि धातूवर कोरण्याच्या बाबतीत या पट्ट्याला बाहेरच्या कोणाकडून शिकण्याची गरज नाही. वरोर, वाढवण, चिंचणी, डहाणू या भागात दागिन्यांच्या डाय बनवण्याचा घरगुती धंदा चालत आला आहे. पोलादाच्या ठोकळ्यावर बारीक नक्षी कोरायची. त्या ठशावर सोन्याचांदीचा पत्रा दाबला की पान, फूल, मणी उमटतात. वाढवण बंदराच्या विरोधातल्या आंदोलनात मच्छीमार आणि बागायतदारांबरोबर डायमेकरही उभे राहिले, ते याच धंद्याच्या काळजीपोटी. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्या बंदराची पायाभरणी झाली.

क्रिप्टो बाळगणारे परदेशी लोक जे ‘स्टील बॅकअप’ महागड्या किमतीला मागवतात, त्यात डायमेकरला नवल वाटावे असे काही नाही: एक पत्रा आणि त्यावर ठोकलेली अक्षरे. मात्र धातू निवडून घ्यावा. ठशाचे पोलाद कडक असते, पण तेल न लावता ठेवले तर गंज धरते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. घराला मोठी आग लागली तर त्याचा भरवसा नाही. स्टेनलेस स्टील सुमारे १,४०० अंशांपर्यंत तग धरते. त्यातही समुद्रकाठी ३१६ दर्जाचे घ्यावे, कारण त्यात मॉलिब्डेनम असते आणि खाऱ्या हवेत बारीक खड्डे पडण्याला ते साध्या ३०४ दर्जापेक्षा चांगले तोंड देते. दोन-तीन मिलिमीटर जाडीचा, पोस्टकार्डाएवढा तुकडा पुरे.

संपूर्ण शब्द ठोकण्याचीही गरज नाही. यादीतला कोणताही शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येईल, अशीच ती यादी बनवलेली आहे. बारा शब्दांची फ्रेज म्हणजे फार तर ४८ अक्षरे. अक्षरांचे पोलादी पंच आणि हातोडी घेऊन हे काम एका दुपारी होते. पत्रा दगडावर किंवा जाड लोखंडावर ठेवावा, पंच सरळ धरावा आणि एकच दणका द्यावा. दुसरा मारला तर अक्षर दुहेरी उठते. प्रत्येक शब्दाआधी क्रमांक ठोकावा. अक्षरे रोमनच हवीत. देवनागरीत ‘राइट’ लिहिले तर पुढे गोंधळ ठरलेला, कारण ‘बरोबर’ या अर्थाचा आणि ‘लिहिणे’ या अर्थाचा, असे दोन्ही इंग्रजी शब्द त्या यादीत आहेत. मराठी किंवा हिंदी शब्दांची अधिकृत यादी अजून नाही.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. डायमेकर कितीही जवळचा असला, तरी शब्द त्याच्याकडून कोरून घेऊ नयेत. त्याच्याकडून पत्रा कापून घ्यावा, कडा घासून घ्याव्यात, पंच उसने आणावेत, हात कसा धरायचा ते शिकावे. अक्षरे मात्र घरी, दार लावून, स्वतः ठोकावीत. डोळ्यांनी वाचलेले पुसता येत नाही आणि पुढे काही गेले तर चांगल्या माणसावर विनाकारण संशय येतो.

हल्ली डोळे मोबाइललाही असतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या कंपनीच्या संशोधकांनी स्पार्ककॅट नावाचा घातक प्रोग्राम उघड केला. तो गूगल आणि ॲपल या दोघांच्याही अधिकृत दुकानांतल्या ॲपमध्ये दडलेला होता. वापरणाऱ्याने फोटो पाहण्याची परवानगी दिली की हा प्रोग्राम गॅलरीतले फोटो चाळायचा, चित्रांतली अक्षरे वाचायचा आणि रिकव्हरी फ्रेजसारखे काही दिसले की ते चोरांकडे पाठवायचा. स्क्रीनशॉट काढू नका असे का सांगतात, याचे याहून स्पष्ट उत्तर नाही. गूगल ड्राइव्ह, ईमेलचा ड्राफ्ट, नोट्सचे ॲप, पत्र्याचा ‘आठवण म्हणून’ काढलेला फोटो, सगळे याच माळेतले.

लपवण्याच्या नादात काही जण जास्त हुशारी करतात आणि तीच अंगाशी येते. बारा शब्दांचा क्रम उलटसुलट करून लिहिणे ही नेहमीची युक्ती. बारा शब्दांचे एकूण क्रम ४७ कोटी ९० लाखांच्या आसपास होतात. माणसाला हा आकडा अफाट वाटतो, संगणकाला मुळीच नाही. चोर ते तपासून पाहील आणि मालक मात्र स्वतःची युक्ती विसरलेला असेल. सहा शब्द भावाकडे आणि सहा बहिणीकडे ठेवणेही तितकेच कच्चे. एक भाग हरवला की दुसरा निरुपयोगी, आणि ज्याच्या हाती एक भाग लागला त्याचे उरलेले काम कितीतरी सोपे होते. वाटणीच करायची तर त्यासाठी आखलेली पद्धत आहे. इस्रायली गणितज्ञ अदी शमीर यांनी १९७९ मध्ये गुपिताचे असे हिस्से करण्याची रीत मांडली, ज्यांत समजा तीनपैकी कोणतेही दोन एकत्र आले तरच गुपित उलगडते आणि एकट्या हिश्श्यातून काहीच कळत नाही. काही हार्डवेअर वॉलेटमध्ये ही सोय मिळते. मोजकी रक्कम असलेल्या कुटुंबाने त्यात पडू नये. दोन पत्रे दोन ठिकाणी ठेवणे पुरेसे आहे.

ती दोन ठिकाणे मात्र खरोखर वेगळी असावीत. वरोरच्या घरातला एक पत्रा आणि शेजारच्या आळीतला दुसरा, दोघांवर समुद्र एकच आणि धक्काही एकच. दुसरी प्रत नाशिक, पुणे अशा दूरच्या गावी भरवशाच्या नातलगाकडे मोहोरबंद पाकिटात द्यावी आणि वर्षातून एकदा मोहोर पाहून यावी. बँकेचा लॉकरही चालेल, पण नियम माहीत असावेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या फसवणुकीमुळे लॉकरमधली वस्तू गेली, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. भूकंप किंवा पुरासारख्या आपत्तीत ती जबाबदारी राहत नाही. लॉकरधारकाच्या पश्चात लॉकर उघडताना साक्षीदारांसमोर वस्तूंची यादी होते. तेव्हा तिथेही पत्रा उघडा ठेवू नये.

पश्चातचा प्रश्न मराठी घरांत सहसा निघत नाही. तो काढायलाच हवा. कॅनडातल्या क्वाड्रिगा एक्स्चेंजचा संस्थापक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरमध्ये वारला आणि ग्राहकांच्या नाण्यांच्या किल्ल्या त्याच्याबरोबर गेल्या असे सांगितले गेले. पुढे ओंटारिओच्या रोखे आयोगाच्या चौकशीत निघाले की बहुतेक पैसे त्याने हयातीतच फसवणुकीत घालवले होते. पण ‘किल्ल्या मालकाबरोबर गेल्या’ हे कारण महिन्यांमागून महिने चालले, कारण तसे होणे सहज शक्य असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने क्रिप्टो नाणी ही मालमत्ता असल्याचे म्हटले. मालमत्ता म्हटली की वारसा आला. मृत्युपत्रात शब्द लिहू नयेत, कारण ते पुढे अनेकांच्या हाती जाते. पत्रा कुठे आहे, वॉलेट कोणते आणि मदत कोणाकडे मागायची एवढेच लिहावे. घरातल्या एका तरी माणसाला हे तोंडी समजावून सांगावे. बायकोला ‘तुला यातले कळणार नाही’ म्हणणाऱ्यांनी तर आधी तिलाच शिकवावे.

पत्रा तयार झाल्यावर परीक्षाही घ्यावी. वॉलेटमध्ये थोडी रक्कम असतानाच ते मोबाइलवरून काढून टाकावे आणि केवळ पत्र्याकडे पाहून पुन्हा उभे करावे. एखादे अक्षर चुकीचे ठोकले असेल तर ते आताच कळते. मोठी रक्कम त्यानंतर टाकावी.

आणि फ्रेज कोणी पाहिल्याचा नुसता संशय आला तरी वाट पाहू नये. ॲपचा पासवर्ड किंवा पिन बदलून काही होत नाही, कारण शब्द तेच राहतात. नवी फ्रेज असलेले नवे वॉलेट उघडावे आणि सगळी नाणी लगेच तिकडे हलवावीत. काही चोरीला गेलेच असेल तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी, आणि तिथे बोलतानाही ते बारा शब्द सांगू नयेत. खरा अधिकारी ते विचारत नाही.