ढकलणारा चुंबक

चुंबकाच्या तासाला मी पुस्तक मिटून ठेवायला लावतो. दप्तरातल्या वस्तू बाकावर काढायच्या, चुंबक चिकटेल की नाही ते आधी वहीत लिहायचं आणि मगच लावून बघायचं. गोंधळ होतो तो जेवणाच्या डब्यावरून. चमचा चटकन चिकटतो, पण त्याच स्टीलच्या डब्यावरून चुंबक घसरून पडतो. ‘सर, डबा डुप्लिकेट!’ हा निकाल दर वर्षी लागतो. पुरेसं निकेल घातलं की स्टीलमधल्या अणूंची मांडणी बदलते आणि चुंबकाला ते जुमानत नाही, हे सांगितलं की डब्याची अब्रू वाचते.

चुंबक ओढतो हे मुलांना आधीच ठाऊक असतं. ढकलतो, हे फक्त ऐकलेलं असतं. भोकाच्या दोन चुंबकी चकत्या पेन्सिलीत ओवून सजातीय ध्रुव समोरासमोर आणले की वरची चकती अधांतरी थांबते. बघून टाळ्या पडतात, पण तेवढ्यावर मी सोडत नाही. वरची चकती बोटाने सावकाश दाबायची. सुरुवातीला ती सहज खाली जाते, शेवटचं बोटभर अंतर मात्र हट्टाने अडवते. अंतर घटलं की बळ वाढतं, हे वाक्य मग फळ्यावर लिहिण्याची घाई राहत नाही. व्याख्या पाठ झालेल्या मुलाला हे दाबून बघायला लावा, तोही दचकतो.

यानंतर टाचणी. ती दोऱ्याला बांधून दोऱ्याचं दुसरं टोक टेबलाला चिकटवायचं आणि वर स्टँडला चुंबक लावायचा. दोरा ताणून टाचणी हवेत उभी राहते. मधल्या फटीतून कागद सरकवला, लाकडी पट्टी सरकवली, तरी तिला फरक पडत नाही. पत्र्याचं झाकण सरकवलं की ती पडते. अख्खी पृथ्वी तिला खाली ओढत असते आणि इतका वेळ अंगठ्याएवढा चुंबक जिंकत असतो. गुरुत्वाकर्षण म्हणजे सगळ्यात जबरदस्त बळ, ही समजूत इथे पहिल्यांदा हलते.

शेवटी होकायंत्र. बाकावर ठेवलं की सुई भलतीकडेच बघते, कारण बाकाचे पाय लोखंडी. इथे मी कुलाब्याच्या वेधशाळेची गोष्ट सांगतो. तिथे 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या प्रवाहामुळे उपकरणं चुकणार हे उघड होतं. म्हणून 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. आपल्या काळ्या दगडातही चुंबकीय खनिज असतं, त्यामुळे इमारतीसाठी दगड आणला तो पोरबंदरचा.

एवढं ऐकून मुलं होकायंत्र घेऊन मैदानात पळतात आणि लोखंडी फाटकापासून किती लांब उभं राहायचं, यावर भांडत बसतात.