चीनमध्ये राहिलं म्हणून चिनी येत नाही

चीनला शिकायला किंवा नोकरीला निघालेल्यांना दोन सल्ले हमखास मिळतात. एक, तिथं राहिलं की भाषा आपोआप येते. दुसरा, ती चित्रांची भाषा आपल्याला या जन्मात जमणार नाही, तेव्हा नादी लागू नका. दोन्ही सल्ले एकमेकांच्या विरोधात दिसतात, पण निष्कर्ष एकच निघतो: मुद्दाम काही करायची गरज नाही. वस्तुस्थिती अशी की रोजच्या व्यवहारातली मँडरिन थोडक्या तुकड्यांच्या जोडणीतून उभी राहते. ते तुकडे हेतुपूर्वक शिकावे लागतात, आणि शिकले की पुढचे शब्द भराभर लागतात.

आपोआप भाषा येण्याचे दिवस तर चीनच्या शहरांत केव्हाच मागे पडले. टेबलावरचा क्यूआर कोड स्कॅन करून जेवण मागवायचं, वीचॅट किंवा अलीपेनं पैसे द्यायचे, मेट्रोत इंग्रजी पाट्या वाचायच्या. दिवस दिवस तोंड उघडायची वेळ येत नाही. एमबीबीएसला गेलेली आपली मुलं इंग्रजीत शिकतात, वसतिगृहात आपसात हिंदी-मराठी बोलतात आणि रुग्णासमोर उभं राहायची वेळ आली की अडतात. 'मोबाइलवर भाषांतर होतं की' हा आक्षेप अर्धा खरा आहे. औषधाच्या पाकिटावरचा मजकूर किंवा दारावरची नोटीस वाचायला मोबाइल उत्तमच. पण पार्सलवाला फोन करून घाईघाईत मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे विचारतो, तेव्हा ज्यावर भाषांतर करायचं तो फोन कानाला लावलेला असतो. त्यात फोन नंबर सांगताना एकला 'यी' न म्हणता 'याओ' म्हणतात, कारण 'यी' आणि सातचा 'छी' यांत गल्लत होते. हे माहीत नसलेल्याला दहापर्यंत आकडे पाठ असूनही पत्ता लागत नाही.

सुरांबद्दलचा गैरसमज जास्त चिवट आहे. मँडरिनमध्ये चार सूर, शिवाय एक हलका, बिनसुराचा उच्चार. 'संदर्भानं लोक समजून घेतात, सूर नंतर बघू' असं म्हणणारे पुष्कळ. लांब वाक्यात संदर्भ मदतीला येतो, हे कबूल. पण परदेशी माणसाची सुरुवातीची वाक्यं एका-दोन शब्दांची असतात, तिथं संदर्भ आणायचा कुठून? भाजीबाजारातलं उदाहरण घ्या. प्रमाण उच्चारात दहाचा शब्द 'श'नं सुरू होतो आणि चारचा 'स'नं. दक्षिण चीनमध्ये अनेकजण 'श'चाही 'स'च करतात. मग दहा युआन आणि चार युआन यांत फरक उरतो तो सुराचा: दहाचा चढता, चारचा उतरता. विक्रेते बोटांनीही आकडा दाखवतात, कारण चिनी खुणांत दहापर्यंतची मोजणी एका हातावर होते. अडल्या वेळी हाताकडे बघावं, पण शब्द पहिल्या दिवसापासून सुरासकटच पाठ करावा. सुराशिवाय पाठ केलेला शब्द नंतर दुरुस्त करणं नवा शब्द शिकण्यापेक्षा जड जातं.

उच्चारांच्या बाबतीत मात्र मराठी माणूस इंग्रजी माणसापेक्षा पुढे असतो, आणि ही आघाडी तो बहुधा रोमन अक्षरांपायी गमावतो. 1958 मध्ये चीननं स्वीकारलेली पिनयिन ही रोमन लेखनपद्धत इंग्रजी स्पेलिंगसारखी वाचायची नसते. तिथला 'बी' म्हणजे जवळजवळ आपला 'प' आणि 'पी' म्हणजे 'फ'. 'डी-टी' म्हणजे 'त-थ', 'जी-के' म्हणजे 'क-ख'. निरोपाच्या 'चाइ-चिएन'मध्ये पहिला 'च' आपल्या 'चारा'तला, दुसरा 'चार'मधला. पिनयिनमध्ये हे 'झेड' आणि 'जे' असे लिहितात, म्हणून आपण ते चुकीचे वाचतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था मँडरिनला 2200 तासांची, सर्वांत अवघड गटातली भाषा मानते, हा दाखला नेहमी दिला जातो. पण तो हिशेब इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा आणि कार्यालयीन प्रभुत्वाचा आहे, भाजी-औषधाचा नव्हे.

आता लिपी. 'हजारो चित्रं पाठ करायची' ही भीती दोन्हीकडून चुकीची आहे. बहुसंख्य अक्षरं चित्रं नसून जोडकाम असतात: 'आई'च्या 'मा'मध्ये डावीकडे अर्थ सुचवणारी 'स्त्री' आणि उजवीकडे उच्चार सुचवणारा 'घोडा', कारण घोड्यालाही वेगळ्या सुरात 'मा'च म्हणतात. 1988 ची नेहमीच्या अक्षरांची यादी तपासली तेव्हा 2500 अक्षरांत सुमारे 98 टक्के मजकूर बसला. शब्दही असेच जोडलेले: 'तिएन' म्हणजे वीज हे कळलं की फोन, कॉम्प्युटर, सिनेमा, लिफ्ट या चारही शब्दांचा पहिला तुकडा हाती येतो. 'फक्त बोलायचंय, अक्षरं कशाला?' असं विचारणाऱ्यांना उत्तर हेच. सूर वगळता मँडरिनमध्ये जेमतेम 400 उच्चार आहेत. एकाच आवाजाचे अनेक तुकडे डोळ्यांनीच वेगळे होतात. हातानं लिहिण्याचा आग्रह मी धरणार नाही. मोबाइलवर पिनयिन टाइप केलं की पर्याय समोर येतात. त्यातला बरोबर ओळखता आला की पुरे.

शब्द कोणते निवडायचे, हे पुस्तकाच्या पहिल्या धड्यापेक्षा आपल्या दिनक्रमानं ठरवावं. बाजारातला भाव बहुधा 'चिन'चा असतो आणि चीनमध्ये एक चिन म्हणजे अर्धा किलो. तैवानमध्ये 600 ग्रॅम. शाकाहाऱ्यानं ध्यानात ठेवावं की नुसतं 'रौ', म्हणजे मांस, म्हटलं की बहुधा डुकराचं मांस समजतात, तेव्हा 'रौ नको' एवढं सांगून कोंबडीचं पाणी टळेलच असं नाही. 'सू', म्हणजे शाकाहारी, हा शब्द हवा. राहिला प्रश्न वेळेचा. परदेशी भाषेच्या माध्यमातून पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी पदवीपर्यंत चिनीची किमान चौथी पातळी गाठावी, असं चीनच्या शिक्षण मंत्रालयाच्या 2018 च्या निकषांत म्हटलं आहे. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या चौथ्या पातळीसाठी वर्षानुवर्षं 1200 शब्दांची यादी होती. दिवसाला एक शब्द धरला, तरी ती साडेतीन वर्षांच्या आत संपते.