पद गेले, पत राहिली

‘अ‍ॅग्रेत्सुको’ या जपानी व्यंगचित्र-मालिकेतील सारी पात्रे प्राणिरूप आहेत. हिशेब विभागाचा प्रमुख तोन हा वराह. हाताखालच्यांवर खेकसणे, स्वतःची कामे त्यांच्या माथी मारणे, हा त्याचा नित्यक्रम. त्यामुळे २०२१ च्या चौथ्या पर्वात त्याची पदावनती होते, तेव्हा प्रेक्षकाने सुखावावे. परंतु घडते उलटेच. नवा अध्यक्ष हिमुरो नोकरकपातीचा हट्ट धरतो आणि तोनच्या जागी बसविलेल्या तरुण हाइदाला ताळेबंदात फेरफार करण्याच्या मार्गावर नेतो. संगणकाच्या युगातही मण्यांच्या पाटीवर हिशेब करणारा तोन तेव्हा नव्याने उमगतो. तो कठोर होता, पण आकड्यांशी इमान राखणारा होता. दरारा खुर्चीबरोबर जातो. पत मात्र खऱ्या हिशेबावरच टिकते.