हिरडीखालचे मिलिमीटर

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक चिंचोळी फट असते. निरोगी तोंडात तिची खोली १ ते ३ मिलिमीटर. भोपाळच्या कोलार रस्त्यावरच्या एका दवाखान्यात डेंटल हायजिनिस्टचं काम बघायला मी बसले, तेव्हा यंत्र सुरू होण्याआधी बराच वेळ या फटीचं मोजणं चाललं होतं. बारीक खुणांचा, बोथट टोकाचा प्रोब ती हिरडीखाली अलगद सरकवते, प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी, आणि आकडा मोठ्यानं सांगते. दोन, तीन, दोन, पाच. मदतनीस लिहून घेतो. पाचाशी तिचा हात थांबतो. आरसा वळवून ती पुन्हा बघते, रक्त आलं का तेही लिहायला सांगते.

ती पांढुर्ण्याकडची. घरात मराठी, शाळेत हिंदी, त्यामुळे रुग्णाशी एक आणि माझ्याशी दुसरी भाषा बोलताना जराही अडखळत नाही. जीवशास्त्र घेऊन बारावी, मग दोन वर्षांची पदविका, मग राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदणी, असा तिचा रस्ता. खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला ती आधी सांगते की मी डॉक्टर नाही, डॉक्टर आत आहेत. मग विचारते: साखर आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हृदयाला पेसमेकर बसवलाय का.

कीटण कुठे साठलं असणार हे तिला तोंड उघडायच्या आधीच माहीत असतं: खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. लाळग्रंथींच्या नळ्या तिथेच उघडतात आणि लाळेतली खनिजं तिथेच आधी बसतात. दातावरचा मऊ थर वेळेवर निघाला नाही की काही दिवसांत कडक व्हायला लागतो, आणि एकदा कडक झाला की ब्रशनं कितीही घासा, हलत नाही. त्यासाठी स्केलर. त्याचं टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा कंप पावतं. ते तापू नये म्हणून पाण्याचा फवारा सतत सोडावा लागतो. कीटणाच्या खपल्या त्या पाण्याबरोबर सक्शनच्या नळीत जातात.

पण खरं कसब यंत्र ठेवल्यावर दिसतं. क्युरेटचं वळलेलं पातं हिरडीखाली, नजरेआड जातं. तिथे ती बोटांनी बघते. अनामिका शेजारच्या दातावर घट्ट टेकलेली असते, म्हणजे रुग्णानं मान हलवली तरी हत्यार घसरत नाही. पातं मुळावरून वर ओढताना खरखर लागली तर कीटण शिल्लक आहे; गुळगुळीत लागलं तर झालं. मनगट, मान, कंबर यांवर या कामाचा जो ताण येतो तो बाहेरून कळत नाही. दोन रुग्णांच्या मध्ये ती उठून खांदे फिरवते, आणि हत्यारं पाकिटात बंद होऊन ऑटोक्लेव्हमध्ये जातात, १२१ अंशांवर, वाफेच्या दाबाखाली.

‘सफाई से दाँत हिल जाते हैं’ हे वाक्य तिला रोज ऐकावं लागतं. ती रागावत नाही, हातात आरसा देते. हिरडी आणि हाड आधीच झिजलेलं असतं, दात कीटणाच्या आधारानं उभा असतो. कीटण निघालं की झालेलं नुकसान उघडं पडतं, एवढंच. हे ती इतक्या वेळा आणि इतक्या मनापासून समजावते की मला तिच्या कामाचा मोठा भाग हाच वाटू लागला.

भोपाळात आणखी एक गोष्ट तिला बघावी लागते. गुटख्यावर राज्यव्यापी बंदी घालणारं मध्य प्रदेश देशातलं पहिलं राज्य, १ एप्रिल २०१२ पासून. तरी पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत मिळतात आणि गिऱ्हाईक त्या हातावर एकत्र करतं. दातांवरचे काळपट तपकिरी डाग ती पॉलिशनं घालवते. पण एखाद्या विशीतल्या मुलाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावत नाहीत, तिखट खाल्लं की आग होते, गालाच्या आतून पांढरट दोर हाताला लागतात, तेव्हा ती स्केलर खाली ठेवून डॉक्टरांना बोलावते. सुपारीमुळे होणाऱ्या या रोगाचं भारतातलं वर्णन मुंबईच्या डॉ. जोशींनी १९५३ सालीच प्रसिद्ध केलं होतं. पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो. निदान करणं तिच्या अधिकारात नाही. पण सावकाश, दातामागून दात, अख्खं तोंड बघणारी बहुधा तीच पहिली असते.

१९४८ च्या दंतवैद्यक कायद्यानं हायजिनिस्टची कामं सांगितली: दात खरवडणं, साफ करणं, चकचकीत करणं आणि मुखस्वच्छतेचं शिक्षण देणं. शेवटचं काम आपण जवळजवळ सोडून दिलं, याचं मला वाईट वाटतं. देशात तीनशेहून जास्त दंत महाविद्यालयं आहेत, दंतवैद्य भरपूर. बहुतेक दवाखान्यांत सफाई तेच उरकतात आणि हायजिनिस्टसाठी वेगळी जागा निघत नाही. तिच्याबरोबर शिकलेल्या काही जणी आज रिसेप्शनवर बसून वेळा लिहून घेतात. या व्यवसायाची सुरुवात मात्र वेगळी होती. अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट गावच्या अल्फ्रेड फोन्स या दंतवैद्यानं १९०६ मध्ये आपली मदतनीस आयरीन न्यूमन हिला हे काम शिकवलं, १९१३ मध्ये वर्ग सुरू केला, आणि तिथून शिकलेल्या बायका गावातल्या शाळांमध्ये मुलांचे दात बघायला गेल्या.

तिलाही शाळांतच जायचंय. पांढुर्ण्याच्या शाळेत आधी काय सांगशील, असं मी विचारलं, तर क्षणाचाही विचार न करता तिनं सहाव्या वर्षीच्या दाढेचं नाव घेतलं. दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, ही कायमची पहिली दाढ गुपचूप येते. आईवडील तिला दुधाचीच समजतात, आणि किडली तरी पडणारच आहे म्हणून सोडून देतात.