कोजागरीचे खळे

आज कोजागरी. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदच्या गच्च्यांवर दूध आटत असता चंद्राभोवती कधी खळे दिसते. ज्या तालुक्यात अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी पावसाचा अंदाज सांगते, तेथे शेतकऱ्याची दृष्टी या खळ्याकडेही वळणारच. शेतात कापूस फुटलेला असतो. उंचावरील विरळ ढगांतील षट्कोनी हिमकणांतून चांदण्याचे वक्रीभवन होते व चंद्रापासून २२ अंशांवर, म्हणजे लांब केलेल्या हाताच्या सुमारे वीतभर अंतरावर, हे कडे उमटते. चंद्राला बिलगलेले लहान रंगीत वलय बहुधा सूक्ष्म जलबिंदूंचे असते. खळ्यामागून पाऊस कधी येतो, कधी येतही नाही. तरीही वेचलेला कापूस झाकूनच दुग्धप्राशन करावे. ‘को जागर्ति?’ या प्रश्नाचे खरे उत्तर आम्हांस तेच वाटते.